पांजरपोळापासून उंबरठ्यापर्यंत : बेवारशी कुत्र्यांची हकीकत

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. गल्लीच्या तोंडाशीं उकिरड्यावर बसलेल्या बेवारशी कुत्र्याला कसला आला आहे इतिहास, असें कोणी विचारील तर तें स्वाभाविकच आहे. परंतु समाजाची परीक्षा त्याच्या दरबारांत होते तशी त्याच्या उकिरड्यावरही होते. ज्याचा कोणी धनी नाहीं, ज्याच्यापासून कर मिळत नाहीं, दूध मिळत नाहीं, आणि ज्याला तक्रारअर्जही करतां येत नाहीं, अशा प्राण्याशीं एखाद्या काळचे लोक कसे वागले, हें पाहिलें म्हणजे त्या काळाविषयीं पुष्कळ कांहीं कळतें. म्हणून आज मी आपल्यापुढें महाराष्ट्रांतील बेवारशी कुत्र्यांच्या सांभाळाची हकीकत मांडणार आहें. ती मांडतांना माझ्या बीड जिल्ह्याकडे मी वळेन. कारण ज्या मातींत आयुष्यभर मुलें शिकविलीं, तिचींच उदाहरणें जिभेवर लवकर येतात.

आपल्या परंपरेंत कुत्र्याचें स्थान दुहेरी आहे. एकीकडे ‘कुत्र्याची मौत’ हा वाक्प्रचार, सोंवळ्याओंवळ्याचा विटाळ आणि दारांत आलें कीं ‘हाड् हाड्’. दुसरीकडे श्रीदत्तात्रेयांच्या पायांशीं चार वेदांचीं प्रतीकें म्हणून बसलेलीं चार कुत्रीं, काळभैरवाचें वाहन, आणि खंडोबाच्या स्वारीबरोबर धांवणारें इमानी श्वान. जेजुरीचे वाघ्ये तर स्वतःस देवाचीं कुत्रीं म्हणवून घेण्यांत भूषण मानीत आले. आमच्या बीड शहराच्या पूर्वेकडील टेकडीवर खंडोबाचें जुनें देऊळ आहे व त्याच्यापुढें दोन उंच दीपमाळा आहेत. चंपाषष्ठीस घरोघर भरीतरोडग्याचा नैवेद्य होतो, आणि त्यांतला घांस कुत्र्यालाही घालतात. पण हा मान एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशीं तेंच कुत्रें त्याच दारांत आलें, तर त्याच्या पाठींत लांकूड बसतें.

महाभारताची रचनाही या दृष्टीनें ध्यानांत घेण्याजोगी आहे. आदिपर्वाच्या आरंभींच जनमेजयाच्या यज्ञमंडपांत आलेल्या सरमेच्या पिल्लाला, कांहीं अपराध नसतां, राजाचे भाऊ मारतात, आणि सरमा त्यांना जाब विचारते. पुढें महाप्रस्थानिक पर्वांत एक कुत्रें पांडवांच्या मागोमाग हिमालयापर्यंत चालत जातें, आणि त्याला सोडून इंद्राच्या रथांत बसण्यास युधिष्ठिर नकार देतो. त्या कुत्र्याला व्यासांनीं नांव दिलेलें नाहीं. तें हस्तिनापुराहून केवळ मागोमाग आलेलें होतें. आश्रयाला आलें एवढाच त्याचा हक्क, आणि तेवढा हक्क धर्मराजाला पुरला.

इतिहासाच्या कागदांत आणि दगडांत मात्र नांवाजलेलीं कुत्रींच टिकलीं. आमचा मराठवाडा ज्यांच्या राज्यांत होता त्या राष्ट्रकूटांपैकीं तिसरा कृष्ण याच्या काळचा, इ. स. ९४९-५० चा, कर्नाटकांतील आतकूरचा शिलालेख प्रसिद्ध आहे. गंग राजा बूतुग याच्या मनलेर नांवाच्या वीरानें बक्षीस म्हणून ‘काळी’ नांवाचें शिकारी कुत्रें मागून घेतलें. पुढें रानडुकराशीं झुंजतांना डुक्कर आणि कुत्रें दोन्हीं मेलीं, तेव्हां मनलेरानें त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ देवळापुढें दगड उभारला आणि त्याच्या पूजेसाठीं जमीन लावून दिली. साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधि दाखवितात. रायगडावरील वाघ्याचें स्मारक १९३६ सालीं होळकरांच्या देणगींतून उभें राहिलें. शिवकालीन कागदपत्रांत या कुत्र्याचा उल्लेख मिळत नाहीं. त्याची कथा लोकांपर्यंत पोंचण्यास राम गणेश गडकऱ्यांचें ‘राजसंन्यास’ हें नाटक कारण झालें. तें स्मारक ठेवावें कीं काढावें, हा वाद २०११ सालीं आणि पुन्हां २०२५ सालीं रंगला. त्या वादांत मी पडत नाहीं. परंतु एका दगडाच्या कुत्र्यासाठीं आपण जितके शब्द खर्च केले, त्याच्या दशांश शब्दही गडाच्या पायथ्याशीं हिंडणाऱ्या जिवंत कुत्र्यांच्या वांट्याला आले नाहींत, हें नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

नांव नसलेल्या कुत्र्यानें आपल्या इतिहासांत ठळकपणें पाऊल टाकलें तें जून १८३२ मध्यें, मुंबई शहरांत. उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्रीं मारण्याचा नियम कंपनी सरकारनें १८१३ पासून केलेला होता. १८३२ सालीं या कामास जोर आला. कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस मिळूं लागलें. त्या काळीं आठ आणे ही गरीब शिपायाला लहान रक्कम नव्हती. मग काय विचारतां! मोकाट कुत्र्यांबरोबर लोकांचीं पाळलेलीं कुत्रींही दारांतून ओढून नेण्यांत येऊं लागलीं. पारशी धर्मांत कुत्रा पवित्र मानिला आहे. ‘वेंदिदाद’ या ग्रंथांत कुत्र्यास इजा करणारास शिक्षा सांगितल्या आहेत, आणि अंत्यविधींत ‘सगदीद’ म्हणजे प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा संस्कार आहे. अशा समाजाच्या सणाच्याच दिवशीं, ६ जून रोजीं, हा प्रकार घडतांच किल्ल्यांत शिपायांशीं लोकांची झटापट झाली. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद राहिलीं. हिंदु व जैन व्यापारीही सामील झाले. लष्कराकडे जाणारा माल अडला. शेवटीं फौज बोलावून दंगा मोडण्यांत आला आणि कित्येकांवर खटले झाले. मुंबई शहरांतील हा पहिला मोठा दंगा समजला जातो, आणि तो कुत्र्यांपायीं झाला! त्यानंतर तोडगा निघाला तो असा, कीं कुत्रीं मारण्याऐवजीं शहराबाहेर नेऊन सोडावीं. हा तोडगा श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. कारण पुढें तो निराळ्या वेषांत पुन्हां भेटणार आहे.

दंग्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ आदिकरून धनिकांनीं मुंबईच्या भुलेश्वर भागांत पांजरपोळ स्थापन केला. आज पांजरपोळ म्हटला म्हणजे आपल्याला गाईगुरें आठवतात. परंतु मुंबईचा पांजरपोळ निघाला तो बहुतांशीं बंदुकीपासून मोकाट कुत्रीं वांचविण्याच्या हेतूनें. व्यापाऱ्यांनीं आपल्या मालावर लाग बसवून त्याचा खर्च चालविला. सरकारच्या हुकुमाला लोकांनीं संस्था काढून दिलेलें हें उत्तर होतें, आणि त्याचें श्रेय त्या पिढीला द्यावयासच पाहिजे. पण पांजरपोळाची एक मर्यादा होती. तेथें जीव वांचे. पुढें त्या जिवाचें काय, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. आंत आलेलें जनावर मरेपर्यंत आंतच. म्हणूनच कीं काय, आपल्या भाषेंत ‘पांजरपोळ’ हा शब्द निरुपयोगी, म्हाताऱ्या मंडळींच्या गोतावळ्याला हिणविण्याकरितां रूढ झाला. दयेनें उभारलेल्या वास्तूचें नांव टिंगलीचें व्हावें, यांत दोष वास्तूचा थोडा आणि बाहेर उभें राहून पाहणारांचा अधिक.

याच सुमारास इंग्लंडांत निराळा प्रयोग चालू झाला. १८६० सालीं लंडनच्या हॉलोवे भागांत मेरी टील्बी नांवाच्या बाईनें हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं तात्पुरता निवारा काढला. माणसें उपाशी मरत असतां कुत्र्यांसाठीं घर कसलें, म्हणून वृत्तपत्रांनीं तिची यथेच्छ थट्टा केली. पण त्या निवाऱ्याच्या नांवांत ‘तात्पुरता’ हा शब्द होता, आणि सगळें मर्म त्या शब्दांत आहे. कुत्रें तेथें राहण्यासाठीं येत नसे, तेथून कोणाच्या तरी घरीं जाण्यासाठीं येई. १८७१ सालीं ही संस्था बॅटरसी येथें गेली आणि आजही ती चालू आहे. आपल्याकडे कलकत्त्यास १८६१ सालीं आणि मुंबईस १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या मंडळ्या निघाल्या. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीनें परळ येथें बाई साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ १८८३ सालीं स्थापन झालें, आणि त्याच्याच आश्रयानें १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. म्हणजे मारणें आणि कोंडून पोसणें यांच्या जोडीला ‘बरें करणें’ हा तिसरा मार्ग आला. चौथा मार्ग, घर देणें, हा मात्र आपल्याकडे यावयास आणखी शंभर वर्षें लागलीं.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुत्र्याच्या भयाला कारण आहे, आणि तें कारण म्हणजे पिसाळ रोग, ज्याला आपण रेबीज म्हणतों. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिसमध्यें लुई पाश्चर यांनीं योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचून वांचविलें, तोंवर पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर खात्रीचा उपाय नव्हता. हिंदुस्थानांत १९०० सालीं कसौलीस आणि १९०७ सालीं कुन्नूरास पाश्चर संस्था निघाल्या. दंश झालेलीं माणसें आगगाडीनें दूर दूर पाठवावीं लागत. आजही हा रोग आपल्यांतून गेलेला नाहीं. २०२२-२३ मध्यें पंधरा राज्यांत झालेल्या पाहणीवरून भारतांत वर्षाला सुमारें ९१ लक्ष लोकांस प्राणी चावतात आणि सुमारें ५,७०० माणसें रेबीजनें मरतात असा अंदाज निघाला; चावणाऱ्यांत कुत्रींच बहुसंख्य. मरणारांत लहान मुलें पुष्कळ असतात. तेव्हां ज्या आईच्या मुलाचा लचका तुटला तिच्यापुढें भूतदयेचें व्याख्यान झोडणें हा निर्दयपणाच होय. प्रश्न एवढाच, कीं त्या आईचें भय दूर कशानें होतें.

या प्रश्नावर १९२६ सालीं गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ पत्रांत मोठा वाद झाला. अहमदाबादेस अंबालाल साराभाई यांच्या गिरणीच्या आवारांतील साठ कुत्रीं मारण्यांत आलीं होतीं, आणि गांधीजींनीं त्याचा निषेध करावा अशी अहिंसावादी मंडळींची अपेक्षा होती. गांधीजींनीं लेखमाला लिहिली, आणि तिनें पुष्कळांची निराशा केली. पिसाळलेल्या कुत्र्याला मारणें टाळतां न येणारें आहे, असें त्यांनीं मान्य केलें. पण त्यांचा खरा रोख दुसरीकडे होता. रस्त्यावर भाकरीचा तुकडा फेंकून पुण्य पदरांत पाडून घेणें ही दया नव्हे. कुत्र्याला धनी असला पाहिजे, आणि ज्याला दया येते त्यानें त्याचा भार उचलला पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. त्यांचीं सर्व मतें कोणास पटोत वा न पटोत, पण बेवारशी कुत्रें हा कुत्र्याचा दोष नसून समाजाचा आहे, हा मुद्दा त्यांनीं जितक्या स्पष्टपणें मांडला तितका पूर्वीं क्वचितच कोणीं मांडला असेल.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीमुळें १९६० सालीं प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा नवा कायदा झाला, आणि १९६२ सालीं प्राणिकल्याण मंडळ स्थापन झालें. मद्रासेस १९५९ सालीं निघालेल्या ‘ब्ल्यू क्रॉस’ संस्थेनें १९६४ पासून असा विचार मांडला, कीं कुत्रीं मारून कमी होत नाहींत. त्यांचें निर्बीजीकरण करावें, लस टोंचावी आणि जेथून धरलीं तेथेंच सोडावीं. यामागील कारण साधें आहे. जोंवर गल्लींत उकिरडा आहे तोंवर तेथें कुत्र्याची जागा आहे. तें कुत्रें मारलें किंवा उचलून नेलें, तर शेजारच्या वस्तींतलें दुसरें, लस न टोंचलेलें कुत्रें त्या जागीं येतें. कुत्री दोन महिन्यांत विते, आणि एका वेळीं चारसहा पिल्लें देते. मग मारेकऱ्याचा हात किती चालणार? मुंबई महानगरपालिकेनें कित्येक दशकें कुत्रीं मारलीं, तरी कुत्रीं होतीं तेवढींच राहिलीं. १९८५ सालीं मुंबईंत ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था निघाली. १९९४ पासून पालिकेनें मारण्याचें धोरण सोडून निर्बीजीकरणाचा मार्ग धरिला. आणि २००१ सालीं तोच मार्ग सबंध देशासाठीं नियमरूप झाला. २०२३ सालीं त्या नियमांची नवी आवृत्ति निघाली.

हा मार्ग नेटानें चालविला तर काय होतें, याचें उदाहरण आपल्या शेजारीं गोव्यांत आहे. २०१३ नंतर तेथें सरकार आणि सेवाभावी संस्था यांनीं मिळून गांवोगांव कुत्रीं जाळीनें धरावीं, लस टोंचावी, रंगाची खूण करावी आणि तेथेंच सोडावीं, असा क्रम चालविला. शंभरांपैकीं सत्तर कुत्र्यांना लस मिळाली कीं रोगाची सांखळी तुटते, असें शास्त्र सांगतें. गोव्यानें तें करून दाखविलें. कुत्र्यांमधील रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला, आणि २०१७ नंतर कांहीं वर्षें तेथें एकही मनुष्य त्या रोगानें दगावला नाहीं. हें यश बंदुकीनें मिळालें नाहीं. उन्हांतान्हांत जाळें घेऊन हिंडणाऱ्या माणसांनीं तें मिळविलें.

आतां १८३२ चा तोडगा आठवावा. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली परिसरांतील सारीं मोकाट कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. देशभर खळबळ उडाली. २२ ऑगस्ट रोजीं मोठ्या पीठानें तो बदलला : पिसाळलेलीं आणि आक्रमक कुत्रीं सोडून बाकींचीं लस टोंचून व निर्बीज करून मूळ जागीं सोडावीं, खाऊं घालण्याच्या जागा ठरवाव्या, आणि ज्याला कुत्रें दत्तक घ्यावयाचें असेल त्यानें नगरपालिकेकडे अर्ज करावा, मात्र तें पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं याची जबाबदारी त्याची. पुढें ७ नोव्हेंबरच्या आदेशानें शाळा, इस्पितळें, बसस्थानकें, रेल्वेस्थानकें अशा जागांतून कुत्रीं हलवून निवाऱ्यांत ठेवण्यास सांगण्यांत आलें. न्यायालयाच्या निर्णयावर टीका करण्याचा माझा अधिकार नाहीं. इतिहासाचा शिक्षक म्हणून एवढेंच म्हणतों, कीं ‘शहराबाहेर न्या’ आणि ‘आंत कोंडा’ हे दोन्हीं उपाय दोनशें वर्षांपूर्वींच आपल्या पूर्वजांनीं करून पाहिले आहेत. निवाऱ्याला बाहेर पडण्याचें दार नसेल तर त्याचा पांजरपोळ होतो. दाटीवाटींत डिस्टेंपर आणि पार्व्हो यांसारखे साथीचे रोग पसरतात, आणि वांचविण्यासाठीं आणलेलें पिल्लू तेथेंच मरतें. तें दार म्हणजे तुमच्याआमच्या घराचा उंबरठा.

आतां माझ्या जिल्ह्याकडे वळतों. डिसेंबर २०२१ मध्यें माजलगांव तालुक्यांतील लवूळ या गांवाचें नांव जगभरच्या वृत्तपत्रांत झळकलें. वानरें कुत्र्यांचीं पिल्लें उचलून झाडांवर आणि माळवदांवर नेतात, आणि तीं पिल्लें वरून पडून किंवा उपाशी मरतात, अशी बातमी होती. अडीचशें हा आंकडा छापला गेला. तो गांवांतल्या बोलण्यावरून आलेला असल्यामुळें मी त्याला इतिहास म्हणत नाहीं. नागपूरच्या वनखात्याच्या पथकानें दोन वानरें धरून नेलीं, हें मात्र खरें. लोकांनीं या घटनेला ‘टोळीयुद्ध’ म्हटलें, चित्रें काढलीं, विनोद केले. पण तीं पिल्लें कोणाचीं होतीं, हें कोणीं विचारलें नाहीं. तीं कोणाचींच नव्हतीं. एखाद्या गांवांत इतकीं पिल्लें जन्मावीं, कीं तीं नाहींशीं झालीं तेव्हां त्यांचा आंकडाही कोणास धड सांगतां येऊं नये, ही त्या बातमींतली खरी बातमी होती.

याच जिल्ह्यांत दुसरेंही चित्र आहे. शिरूर कासार तालुक्यांतील दहिवंडीचे शब्बीर सय्यद, ज्यांना लोक शब्बीरमामू म्हणतात, यांना प्राणिसेवेबद्दल २०१९ सालीं पद्मश्री मिळाली. दुष्काळी गांवांत त्यांनीं पिढीजात व्रतासारख्या शेंदीडशें गाईगुरांचा सांभाळ केला, आणि तोही शेणखताच्या उत्पन्नावर. त्याच तालुक्यांत तागडगांव येथें ‘सर्पराज्ञी’ या नांवाचें जखमी वन्य प्राण्यांचें शुश्रूषाकेंद्र आहे. पैसा नाहीं, पाणी नाहीं, म्हणून दया परवडत नाहीं, हें म्हणणें बीडच्या माणसाला तरी शोभणार नाहीं. पण गाईला गोशाळा झाली, हरणाला केंद्र झालें, दुष्काळांत गुरांसाठीं सरकारी चारा-छावण्या उभ्या राहिल्या. कुत्र्याची दावण मात्र कोणत्याच छावणींत नव्हती. दसरा-दिवाळी झाली कीं आमच्याकडची लक्षावधि माणसें कोयता घेऊन ऊंसतोडीला पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. कांहीं कुत्रीं गाडीमागें धांवत जातात. कांहीं कुलूप लावलेल्या दाराशीं बसून राहतात. पांचसहा महिने त्या दाराशीं बसणाऱ्या कुत्र्याला बेवारशी म्हणावें कीं इमानी म्हणावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

श्रोतेहो, दत्तक हा शब्द मराठी माणसाच्या कानाला कडू लागतो. १८४८ सालीं साताऱ्याचें दत्तक नामंजूर करून कंपनी सरकारनें छत्रपतींची गादी बुडविली, हें आपण शाळेंत शिकलों आणि मीही तें शिकविलें. निवाऱ्यांतल्या कुत्र्यांच्या बाबतींत मात्र ‘नामंजूर’चा शेरा आपणच मारीत असतों. कुत्रें न्यावयास माणसें येतात, आणि त्यांना पिल्लू हवें असतें; नर हवा असतो; रंग पांढरा किंवा तांबूस हवा असतो; शक्य तर विलायती जातीचें हवें असतें. काळें कुत्रें, वयस्क कुत्रें, मादी, तीन पायांचें, एका डोळ्याचें, अंगावर खरजेचे डाग उरलेलें, हीं सारीं मागें राहतात. मादी नको, कारण विते. पण एका शस्त्रक्रियेनें ती अडचण कायमची मिटते, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं. वयस्क नको, कारण लळा लागणार नाहीं. पण खरा अनुभव उलटा आहे. वयस्क कुत्र्याचा स्वभाव ठरलेला असतो, तें चप्पल कुरतडीत नाहीं, रात्रभर केकाटत नाहीं, आणि तें लहान मुलांत रमेल कीं नाहीं हें आधींच पाहून घेतां येतें. पिल्लाचें पुढें काय होईल तें देव जाणे. गांवठी कुत्र्याला आपला उन्हाळा मानवतो. बर्फाळ देशांतलें केसाळ कुत्रें विकत आणून बीडच्या वैशाखांत गच्चीवर बांधणें, ही हौस त्या जिवाला फार महाग पडते. हौस फिटल्यावर अशीं जातिवंत कुत्रींही रस्त्यावर येतात, आणि त्यांना तर उकिरड्यावर जगण्याचीही विद्या नसते.

ज्यांच्या घरीं जागा नाहीं, त्यांनींही हळहळून स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. पुण्यामुंबईंत ‘रेस्क्यू’सारख्या संस्थांतून शेंकडों स्वयंसेवक काम करतात, आणि त्यांतलें पुष्कळसें काम अगदीं साधें आहे. आपल्या गल्लींतील कुत्रीं मोजावीं. त्यांतलीं निर्बीज किती तें कानाच्या कापलेल्या टोंकावरून पाहावें. लस राहिलेलीं कुत्रीं पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावीं. अन्न घालावयाचें तर ठराविक वेळीं, ठराविक जागीं, मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर घालावें, आणि उष्टें आवरूनच परतावें. जखमेंत किडे पडलेलें कुत्रें दिसलें तर दगड न मारतां डॉक्टरांना बोलवावें. आजारी कुत्रें दोन आठवडे घरीं ठेवून बरें झाल्यावर परत देणें हीही मोठी सेवा आहे. आणि निवाऱ्यांत जाऊन, कोणी ज्याच्याकडे वळून पाहत नाहीं अशा कुत्र्याला रोज अर्धा तास फिरवून आणणें, एवढें तर शाळेंतला मुलगाही करूं शकेल. माणसाच्या संगतीला सरावलेलें कुत्रें लवकर घरीं जातें; कोपऱ्यांत थरथरणारें मागें राहतें. तो अर्धा तास त्याचें भवितव्य बदलतो.

घरीं आणलेल्या कुत्र्याविषयींही दोन शब्द सांगतों. पहिले कांहीं दिवस तें खाटेखालीं लपेल, जेवणार नाहीं, हात पुढें केला तर गुरगुरेल. ज्यानें आजवर हात पाहिला तो मारणाराच पाहिला, त्याला कुरवाळणारा हात ओळखावयास वेळ लागतो. त्याला ओढून काढूं नये; पाण्याची वाटी जवळ ठेवावी आणि आपल्या कामाला लागावें. दर वर्षीं लस चुकवूं नये. आणि घरच्या असो वा दारच्या, कोणत्याही कुत्र्याचा दांत लागला, तर जखमेवर हळद, चुना, तिखट न लावतां पंधरा मिनिटें साबण आणि वाहतें पाणी यांनीं ती धुवावी व त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठून लसीचे सर्व डोस वेळेवर पुरे करावे. कुत्र्यावरील प्रेम आणि रेबीजची सावधगिरी यांत विरोध नाहीं. जो कुत्र्याला लस टोंचून घेतो, तो शेजाऱ्याच्या मुलाचें रक्षण करतो.

कोणी म्हणेल, माणसांचे प्रश्न काय थोडे आहेत? मेरी टील्बीलाही हेंच ऐकावें लागलें होतें. परंतु ज्या घरांत कुत्र्याला पाणी ठेवतात त्या घरांतून भिकाऱ्याला हांकललें जातें, असें मला तरी दिसलेलें नाहीं. दया ही कांहीं रेशनची साखर नव्हे, कीं एकाला दिली तर दुसऱ्याला कमी पडावी. मुलांच्या दृष्टीनें पाहिलें तर वर्गांत भूतदयेवर दहा धडे शिकवून जें साधत नाहीं, तें एका लंगड्या कुत्र्याचें ताट रोज धुतल्यानें साधतें. कारण धड्यावर परीक्षा होऊन तो संपतो, ताट दुसऱ्या दिवशीं पुन्हां धुवावें लागतें.

१८३२ सालच्या लोकांनीं कुत्र्यांसाठीं दुकानें बंद केलीं. १८३४ सालच्या लोकांनीं तिजोऱ्या उघडल्या. त्यांच्यापाशीं लस नव्हती, निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया नव्हती, आपल्या बाजूचा कायदा नव्हता. आपल्यापाशीं तीं सारीं साधनें आहेत, आणि उघडावयाचें उरलें आहे तें केवळ घराचें दार. प्रत्येक घरानें तें उघडावें असें मी म्हणत नाहीं. पण प्रत्येक गल्लींत एक घर तरी असें निघावें, कीं ज्यानें निवाऱ्यांत जावें, रांगेंतलीं गोजिरवाणीं पिल्लें ओलांडून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत चालत जावें, आणि तेथें ज्याचें नांव कोणीं ठेवलेलें नाहीं त्याला एक नांव द्यावें.